व्यवसाय : काही नाही

अंकाला दोन महिने उशीर झाला. वर्गणीदारांनी घातलेल्या शिव्या पोचल्या. दरवेळी आम्ही कागदाच्या भावाचं आणि छापखान्याच्या उधारीचं रडगाणं गातो. ते आहेच. पण यावेळचं कारण वेगळं. माझी आजी गेली.

दोघातिघा मित्रांचं म्हणणं पडलं, आज्या सगळ्यांच्याच मरतात, संपादकीयात घरचं दुःख कशाला? परिस्थितीवर लिही. दोस्तहो, मी परिस्थितीवरच लिहितोय. आधी वाचा, मग बोला.

दुसऱ्या पाळीला होतो. पोलादाची कॉईल क्रेनला लटकलेली आणि खिशात फोन थरथरत होता. कॉईल टेकेपर्यंत फोन घेता येत नाही. टेकली तेव्हा घेतला. ‘म्हातारी गेली,’ एवढंच धाकटा चुलता म्हणाला. रात्रीच्या एस्टीनं जामखेड गाठलं. इकडं मुकादमानं रोज कापला. मी कंत्राटी, माझं नाव गोदीच्या वहीत नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे. पण वहीत आहे. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी नोंदीला गेलो. टेबलामागच्या माणसानं रकाने भरायला घेतले. नाव सांगितलं. वय? अंदाजे पंच्याहत्तर. व्यवसाय?

मी म्हणालो, सुईण. आरोग्याचं काम.

‘पगार होता?’

नाही.

‘मानधन?’

नाही.

‘कुठल्या यादीत नाव?’

नाही.

त्यानं लिहिलं : काही नाही.

माणूस वाईट नव्हता. मला पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली. रकान्यात बसतं तेवढंच त्यानं लिहिलं. मी सहीही केली. एस्टीत परत बसल्यावर डोकं तापायला लागलं. चाळीस वर्षं रात्री-अपरात्री अख्ख्या गावात हिंडलेल्या बाईचा व्यवसाय काही नाही! तिनं किती बाळंतपणं केली हे कुणी मोजलं नाही. ती म्हणायची, शंभरापतुर मोजली, मंग सोडून दिलं.

तर ही संपादकीय टिपणी त्या रकान्यावर आहे.

आजी जन्मली स्वातंत्र्याच्या आगेमागे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. तिच्या वस्तीचं नाव काय होतं आणि गाव तिला काय म्हणायचं ते तुम्हाला सांगायला नको. १९५६ ला ती लहान पोर होती. घरातले देव टोपल्यात भरून बाहेर काढले ते तिला आठवत होतं. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला तेव्हा पणजी जेलात गेली, आणि धाकट्या भावंडांना आजीनं सांभाळलं. बघा, तेव्हापासूनच हिचं काम यादीबाहेर. जेलात गेलेल्यांची नोंद झाली. मागं राहून चूल पेटवणारीची कोण करणार?

मग लग्न. मग बहात्तरचा दुष्काळ. आजोबा मुंबईला गोदीत गेला तो तेव्हाच. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला. दिवसभर घण, संध्याकाळी सुकडी. त्याच दोन वर्षांत तिची दोन लेकरं गेली. पहिलं जन्मून आठव्या दिवशी ताठ झालं, दातखीळ बसली, गेलं. बाया म्हणाल्या, सटवाईनं नेलं. दुसरं दीड वर्षाचं, हगवणीनं. हगवण लागलेल्या पोराला पाणी द्यायचं नाही अशी तेव्हाची रीत. पोर पाण्याकडं बघत गेलं. हे ती मला सांगायची तेव्हा आवाज चढायचा नाही, पण हातातलं काम थांबायचं.

आता जामखेडची गोष्ट. ही आपल्या पोरांना ठाऊक असायला पाहिजे. आपल्याला अल्मा आटा माहीत नाही आणि जामखेडही माहीत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको जामखेडात येऊन बसले. प्रकल्पाच्या गावांत तेव्हा हजार जन्मलेल्या पोरांतली १७६ वर्षाच्या आत मरत होती. हा १९७१ चा आकडा. पहिल्यांदा त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून बघितल्या. जमलं नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, गरीब, कुणी टाकलेली, कुणी विधवा, बऱ्याच दलित. आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं आणि शिकायचं. मराठा बाई आणि महार बाई एका पांघरुणात. आरोग्याचं शिक्षण तिथूनच सुरू झालं म्हणायचं. १९७६ पर्यंत १७६ चा आकडा ५२ वर आला. औषधं होतीच, पण आकडा उतरवला या बायांनी. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव छापला गेला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

दुष्काळात त्यांनी बोअर घेतले तेव्हाची गोष्ट म्हाताऱ्या अजून सांगतात. हातपंप दलित वस्तीत बसवला की गावाला पाण्यासाठी वस्तीत यावं लागायचं. ज्या हातांचा विटाळ व्हायचा त्या हातांनी दांडा हलवायचा आणि वरच्या आळीनं घागर धरायची. तहानेपुढं मनुस्मृती किती टिकते हे आमच्या तालुक्यानं बघितलंय.

माझी आजी त्या बायांच्या यादीत नव्हती. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी तिला उगाच मोठी करील. शेजारच्या गावची एक बाई यादीत होती. आजी तिच्याकडून शिकली. बाजाराच्या दिवशी दोघी बाभळीखाली बसायच्या, ती शिकवायची, ही पाठ करायची. नखं काढायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. नवं पातं आणि दोरा पाण्यात उकळायचा. नाळेला शेण लावायचं नाही, राख लावायची नाही. पहिला चीक फेकायचा नाही, पोराला पाजायचा. पोटुशीला ‘पोर मोठं व्हईल’ म्हणून उपाशी ठेवायचं नाही. हगवण लागली तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि पाजत राहायचं.

शेवटचं ऐकून ती रडली नाही. ती चिडली. मला म्हणाली होती, ‘आरं, मीठ-साखर! एवढंच व्हतं व्हय? आन् आमाला कुनीच सांगितलं न्हाई?’

दोस्तहो, हे वाक्य पुन्हा वाचा. वेदाच्या ऋचा लपवल्या म्हणून आपण दोन हजार वर्षांचा हिशेब मागतो. तो मागायचाच. पण मीठ-साखरेचं पाणीसुद्धा लपलेलंच राहिलं होतं. जो शहाणा झाला त्यानं आमच्या वस्तीपर्यंत यायची तसदी घेतली नाही. ज्ञान अडवून धरणं म्हणजे नुसती शाळेची दारं बंद करणं नाही. ज्ञान अडलं की आठव्या दिवशी पोर ताठ होतं. आजी वस्तीत सांगायला लागली, ‘सटवी न्हाई, विळा हाय.’ गंजक्या विळ्यानं नाळ कापायची, धनुर्वात व्हायचा आणि नाव देवीचं. साडेतीन शब्दांत तिनं देव मोडला. आम्ही त्यासाठी तीनशे पानांचे ग्रंथ वाचतो आणि घरी गेल्यावर बायकोच्या व्रतावर हसतो.

जामखेडच्या आरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्याच्या परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरं लटकलेली. त्या म्हणाल्या ते थोडक्यात असं : डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि लांब. आम्ही पणत्या. पणतीवरून पणती लावता येते. दोन पणत्या काढून त्यांनी तिथंच लावून दाखवली. माझी आजी ही अशी लावलेली दुसरी पणती. पहिलीची नोंद झाली हे फार चांगलं झालं. दुसरीची, तिसरीची, दहावीची करायला कुणी नव्हतं.

आता गावाचं सांगतो. सुईणपण आमच्याकडं आधीपासून होतंच. महारा-मांगाच्या बाईनं नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची आणि उंबऱ्याबाहेर पदर पसरून अर्धी पायली घ्यायची. ज्या हातानं पोर जगात ओढलं तोच हात बाराव्याला विटाळाचा. आजीनं काम धरलं, पण त्या कामातली वेठ सोडली. एकदा वरच्या आळीत मोठ्या घरी पहाटेपर्यंत अडलेली सून सोडवली. पोर आडवं होतं, वाचलं. चहा आला वळचणीला खोचलेल्या, दांडी तुटलेल्या कपात. आजी म्हणाली, ‘आतला कप आना.’ घर गप्प. सासू म्हणाली, पद्धत हाय. आजीनं पिशवी उचलली, ‘मंग येती म्या. पर दुसरी सून बी पोटुशी हाय न्हवं?’

कप आला.

शहरात आपण याला कामाच्या अटी म्हणतो. युनियनवाले त्यासाठी गेटवर बसतात. आजी एकटी होती, तिच्या मागं युनियन नव्हती, पक्ष नव्हता, तिला संप हा शब्द ठाऊक नव्हता. पण आपल्या कामाची गरज कुणाला आहे आणि तिचं मोल काय, हे तिला बरोबर कळत होतं.

म्हणून तिच्या मातीला कुणीतरी म्हणालं, ‘निःस्वार्थी सेवा केली, कधी पैसा मागितला नाही,’ तेव्हा मी भडकलो. खोटं आहे. तिनं मागितला. मिळाला नाही. कुणी पायली दिली, कुणी चोळीचा खण दिला, कुणी ‘देतो देतो’ म्हणत पोरगं जावळाला आलं. तिला पैसा हवा होता. घर गळत होतं, आजोबाची मनीऑर्डर आटली होती. मागितलेली मजुरी न देता वर मेल्यावर ‘निःस्वार्थी’ म्हणायचं, ही लबाडी आपल्याला नवी नाही. महारवतनाच्या वेळी गाव हेच म्हणत होतं : तुम्ही गावाची सेवा करता, सेवेचं काय मोल लावता? बाबासाहेबांनी त्या सेवेला गुलामी म्हटलं आणि कायद्यानं तिची मुळं उपटायला निघाले. आपण तराळकी सोडली, ढोरं ओढणं सोडलं. पण घरातल्या बायांच्या माथी ‘सेवा’ तशीच राहिली आणि ते आपल्या डोळ्यांना टोचलं नाही.

बाबासाहेबांना टोचत होतं. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपण ही बाईची खाजगी भानगड नाही, त्यात देशाचं हित आहे, त्याचा भार दुसऱ्यांनीही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. बाळंत होणारीचा हक्क त्यांनी १९२८ ला मांडला. बाळंत करणारीचा हक्क मांडायला आपण अजून तोंड उघडलेलं नाही.

२००५ साली सरकारी अभियान आलं, आशा आल्या. आजीला वाटलं, आपल्याला घेतील. आठवी पास पाहिजे, वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. आजी साठीला टेकलेली, सही तेवढी यायची. नाव बसलं नाही. मग गावच्या नव्या आशाला घरोघर हिंडवून तिनंच ओळख करून दिली. कुठलं घर लस नको म्हणतं, कुठली सून दुखणं लपवते, सगळं. आणि त्या पोरीला पहिला सल्ला दिला, ‘पगार माग. म्या मागाया उशीर केला.’

त्या पोरी आज काय मागतायत? सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘आशा स्वयंसेविका’. स्वयंसेविका म्हणजे कामगार नाही. कामगार नाही म्हणजे पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. गोदीत याला आम्ही पीस रेट म्हणतो. करोनात याच बाया दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, आश्वासन मिळालं म्हणून परतल्या, ते पाळलं नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा उतरल्या. आझाद मैदानात उन्हात बसल्या तेव्हा कुठं मानधनवाढीचा आदेश निघाला. मैदानापासून गोदी किती लांब? पायी जाता येतं. आपल्यातले किती जण गेले? मी एकदा गेलो, अर्धा तास थांबलो, फोटो काढला, निघालो. लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहितो.

अजून एक लाज आहे. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल.

२८ एप्रिल २०१४. खर्डा, तालुका जामखेड. आपल्या समाजाचा सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारून झाडाला लटकवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फिरले होते. दिवसाढवळ्या पोरगं गेलं आणि कायद्याच्या वहीत मारणारा कुणीच नाही. तिथंही रकाना रिकामाच.

मी तेव्हा दहावीत जाणार होतो. त्याच्याहून थोडा लहान. जून उजाडला, शाळा उघडली आणि आजी काठी घेऊन माझ्याबरोबर निघाली. तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं. पासष्टीची म्हातारी. वस्तीतली चार पोरं पुढं आणि ती मागं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गातले हसायचे. एक दिवस मी ओरडलो, ‘तू काय करणार आहेस? त्यांनी ठरवलं तर तू काय थांबवणार?’ आणि मग बोललो ते बोलायला नको होतं : ‘जा, त्यांचीच बाळंतपणं कर.’

ती थांबली. म्हणाली, ‘व्हय, करते. म्हनून तर मागं चालते. ह्या रस्त्यावर बसत्यात त्यातली निम्मी पोरं माझ्या हातची हायती. मला बघून त्यानला नजर उचलाया जड जातंय का, ते मला बघायचंय.’

जड जात होतं का? काहींना जात असेल. सगळ्यांना नाही. मी तुम्हाला गोड गोष्ट सांगायला बसलेलो नाही. ज्या गावाला तिनं जगात आणलं त्या गावच्या स्मशानात तिला जागा नव्हती. आपलं वेगळं, ओढ्याच्या पलीकडं, पत्र्याशिवायचं. मातीला पुरुष आले ते आपलेच. पण बाया आल्या. वरच्या आळीच्या बाया डोक्यावर पदर घेऊन ओढा ओलांडून आल्या. एकीनं आजीचे पाय धरले आणि सोडीना. ती वळचणीच्या कपाच्या घरची सून होती. जात गेली असं मी म्हणत नाही. आजीनं एका जागी तिला भोक पाडलं होतं, एवढंच म्हणतो. आणि ते भोक तिनं उपकारानं पाडलं नाही, कामानं पाडलं.

चळवळीतल्या माझ्या भावांनो, आता आपल्याकडं वळतो. आपण मोर्चा काढतो तेव्हा भाकरी कोण बांधून देतं? जेलातून सुटल्यावर शेकायला पाणी कोण तापवतं? आपल्या कवितेत आई असते, फाटक्या लुगड्यातली, राबणारी, सोसणारी. टाळ्या मिळतात. त्या आईच्या हातात काय कसब होतं, तिनं कुणाकडून काय मागितलं, कुणी बुडवलं, याची एक ओळ नसते. तिचं सोसणं आपण छापलं आणि तिचं डोकं वगळलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं, तेव्हा कुठं आंबेडकरी चळवळीतल्या बायांना नावं मिळाली. ते काम दोन बायांनी केलं. आपण पुरुष तेव्हा आपापसात फुटत होतो.

सावित्रीबाई ज्या नगरात मिस फरार यांच्याकडं शिकवायला शिकल्या ते हेच नगर. आणि गेल्या त्या १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन. शिकवणं आणि दुखणं उपसणं ही दोन कामं त्यांना वेगळी वाटली नाहीत. आपण पहिल्या कामाला क्रांती म्हणतो आणि दुसऱ्याला बायकी.

गोदीत एक गोष्ट शिकलो. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या आधी आमचा माणूस सकाळी गेटवर उभा राहायचा, टोळीवाल्यानं बोट केलं तर काम, नाहीतर माघारी. कायद्यानं पहिलं काय केलं? नाव नोंदवलं. नोंदलेला कामगार. त्या एका नोंदीवर पुढं सगळं उभं राहिलं : हजेरी, रजा, भरपाई, फंड. आज माझ्यासारख्यांना पुन्हा ठेकेदाराच्या वहीत ढकललंय ते उगाच नाही. मालकाला बरोबर ठाऊक आहे की नोंद गेली की माणूस गेला.

म्हणून पुढचा अंक नोंदवहीचा. प्रत्येक वाचकानं एक पान पाठवायचं. आपल्या घरातल्या, वस्तीतल्या एका बाईवर. ‘माझी थोर आई’ असं लिहाल तर परत पाठवू. लिहायचं ते असं : नाव. काम. ते कुणाकडून शिकली. कुणासाठी केलं. किती वर्षं. मजुरी ठरली किती, मिळाली किती, बुडवली कुणी. मागितली का? मागितली नसेल तर का नाही? जिवंत असेल तर तिला विचारून लिहा, वाचून दाखवा, ती म्हणेल ते खोडा. आणि पुढच्या वेळी आशा मैदानात बसतील तेव्हा फोटो काढायला जायचं नाही, सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसायचं. मीही येतो. रोज कापला तर कापला.

माझ्या आजीचं नाव मी इथं छापलेलं नाही. ते नोंदवहीत जाईल, तुमच्या आज्यांच्या नावांबरोबर. यादीत एकटीला बसायला तिला आवडलं नसतं.

पुढचा रकाना मी भरून ठेवलाय. व्यवसाय : सुईण. मजुरी : येणे बाकी.

जयभीम.